विद्यापटात अडकलेला आवाज

६ जानेवारी २०२५, लातूर

नांदेडहून आत्ताच परतलो. रिपोर्ट आम्हाला भीती होती तसाच आला. उज्वलाच्या स्वरयंत्राला कॅन्सर आहे आणि स्वरयंत्र काढावंच लागणार. डॉक्टर गोलगोल बोलले नाहीत. "जीव वाचेल मॅडम, आवाज जाईल," असं सरळ सांगितलं. ऑपरेशन तेवीस तारखेला.

तिनं विचारलं, "पूर्ण?"

दिवाळीपासून तिचा आवाज बसलेलाच आहे. घोगरा, मध्येच फाटतो. शाळेत शिकवताना खडूची धूळ जाते, म्हणून असेल असं आम्ही समजत होतो.

"पूर्ण," डॉक्टर म्हणाले. "पुढं एक झडप बसवता येते. तिच्यानं थोडंफार बोलता येईल. पण तो आवाज वेगळा असेल."

एसटीत ती खिडकीशी बसली होती. चाकूर मागं पडल्यावर म्हणाली, "अहो, दहावीचं निबंधलेखन राहिलंय माझं." मी हूं म्हणालो.

हे कुणाला तरी सांगावं म्हणून लिहितोय. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. ही कुठल्याही मशीनवर, कुठल्याही सिस्टिमवर, पन्नास वर्षांनीही उघडेल.

७ जानेवारी

काल झोपताना डोक्यात आलं ते आज सकाळी नीट तपासून पाहिलं. होऊ शकतं.

माणसाचा आवाज शिकणारे प्रोग्राम आता निघालेत. ओपन सोर्समध्येही आहेत, फुकट आणि खुले. तास-दोन तास स्वच्छ बोलणं ऐकवलं की ते तो आवाज उचलतात. मग उज्वलानं मोबाईलवर टाइप करायचं आणि मोबाईलनं तिच्याच आवाजात बोलायचं. जुन्या आवाजात. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, एवढं मला जमलं पाहिजे.

अडचण एकच, ते तास-दोन तास आणायचे कुठून? आत्ताचा आवाज उपयोगाचा नाही. लग्नांचे व्हिडिओ पाहिले, सगळीकडे बँड. घरचे व्हिडिओ काढणारी तीच, त्यामुळं तिचं ऐकू येतं ते एवढंच, "हसा की जरा."

दुपारी एकदम आठवलं. विद्यापट!

२०१३ साली एका शिक्षण संस्थेनं आठवी ते दहावीच्या मराठीचे धडे तिच्याकडून रेकॉर्ड करून घेतले होते. बंद खोली, चांगला माइक. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती आणि आवाज असा की मागच्या बाकापर्यंत जायचा. ते धडे संस्थेच्या 'विद्यापट' पोर्टलवर अजून आहेत.

तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ते धडे? बरंय." मला वाटलं होतं जास्त खूश होईल.

८ जानेवारी

पोर्टल उघडलं. उज्वलाचं नाव, तिचा तरुणपणीचा फोटो, खाली धड्यांची रांग. पहिल्या धड्यावर क्लिक केलं तर काळी चौकट आली:

"हा धडा पाहण्यासाठी विद्यापट प्लगइन आवश्यक आहे. तुमची ऑपरेटिंग सिस्टिम समर्थित नाही."

प्लगइन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, तो चालतो फक्त विंडोजवर; घरात काय, कॉलेजच्या लॅबमध्ये काय, सगळीकडे लिनक्स, खुली सिस्टिम. मीच टाकलंय. बारा वर्षं पोरांना सांगत आलोय की जे सॉफ्टवेअर आतून बघता येत नाही त्याच्या भरवशावर काही ठेवू नका. आता माझ्या बायकोचा आवाज तसल्याच सॉफ्टवेअरच्या पोटात आहे.

११ जानेवारी

तीन दिवस मदत केंद्राला मेल. प्रत्येक मेलला उत्तर एकच: आपली तक्रार मिळाली. मग दुसरं: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया अभिप्राय द्या.

आज फोन लागला. ऋतुजा नावाची मुलगी बोलली.

"सर, विंडोज कोणतं वापरता?"

"विंडोज नाही, लिनक्स."

"ओके सर. म्हणजे सेव्हन का टेन?"

समजावून सांगितलं. ती म्हणाली, "सर, माझ्या स्क्रीनवर लिनक्स हा पर्यायच नाही. 'इतर' टाकू का?"

"'इतर' टाकल्यावर काय होतं?"

"तक्रार आपोआप बंद होते सर."

माझा आवाज चढला. मग कशासाठी हवंय ते सगळं सांगून टाकलं. ती हळू म्हणाली, "सर, मी विंडोज टेन टाकते. म्हणजे निदान तक्रार उघडी तरी राहील." आणि फोन ठेवायच्या आधी, "मॅडमना बरं वाटू दे."

बाहेरच्या खोलीत उज्वला पुण्याला सुकन्याशी बोलत होती. हल्ली रोज मायलेकींचं तासभर चालतं. मला फोनवर नीट ऐकू येईना म्हणून दार लावून घेतलं.

१३ जानेवारी

मुदखेडहून पंचफुला आली. उज्वलाची थोरली बहीण. ऑपरेशन होईपर्यंत राहणार आहे. बरं झालं, स्वयंपाकाची काळजी मिटली आणि मला काम करता येईल.

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. जेवताना म्हणालो, "आज वाइन लावून बघतो, लागली तर लागली." पंचफुलाचा घास हातातच राहिला. "दाजी! घरात बाई आजारी हाय अन् तुम्ही वाइन?"

उज्वला एवढी हसली की ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

वाइन लागली नाही. प्लगइन बसतं, चौकट उघडते आणि परवानगी मागायला कुठल्या तरी सर्व्हरकडं जातं. तो सर्व्हर आता जगात नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. उज्वला वाटीत तिळगूळ घेऊन टेबलाशी आली. "गोड बोला" म्हणताना अर्ध्यातच आवाज गेला. खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "बसा ना जरा माझ्यासंगं."

"बसलोच आहे की," मी म्हणालो. प्लगइनची फाइल उकलून बघत होतो. निम्म्यापर्यंत आलो होतो, सोडली असती तर सगळं पहिल्यापासून.

थोड्या वेळानं पाहिलं तर ती उठून गेली होती. फाइल उकललीच नाही.

१६ जानेवारी

तत्त्व गेलं खड्ड्यात. सहकाऱ्याचा विंडोजचा लॅपटॉप मागून आणला. आता संदेश वेगळा: "आपल्या ब्राउझरमध्ये प्लगइनची सुविधा बंद करण्यात आली आहे." जुना ब्राउझर शोधून टाकला, तर विंडोजच त्याला धोकादायक म्हणून पुसून टाकतं. जुनं विंडोज टाकलं, तर परवानगी देणारा सर्व्हर पुन्हा मेलेलाच.

आणि पोर्टलवर आज नवी लाल पट्टी: ही सेवा ३१ जानेवारी रोजी बंद होत आहे.

संस्थेच्या कार्यालयात फोन केला. मूळ रेकॉर्डिंग मागितलं. तिथले गृहस्थ म्हणाले की विद्यापट बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, जुन्या डिस्क ठेवल्या नाहीत, आणि ठेवल्या असत्या तरी धड्यांचे हक्क संस्थेचे आहेत.

"आवाज माझ्या बायकोचा आहे," मी म्हणालो.

"करारात सगळं आहे सर."

संध्याकाळी उज्वलावर चिडलो. त्या वेळी सही करण्याआधी एक कॉपी मागून घे म्हणालो होतो, तिनं मागितली नाही. पंचफुला म्हणाली, "दाजी, तिच्यावर का वरडायलात? कंपनीवर वरडा." कंपनीवर ओरडायला कंपनी कुठं आहे?

१८ जानेवारी

काही लिहिण्यासारखं नाही. परदेशातल्या एका ऑनलाइन मंचावर प्रश्न टाकला होता. एकानं उत्तर दिलं, असलं बंदिस्त प्लगइन वापरायलाच नको होतं. बरोबर आहे. मीही पोरांना हेच उत्तर दिलं असतं.

जेवलो की नाही ते आठवत नाही. पंचफुला म्हणते जेवलात.

१९ जानेवारी

ऋतुजाचा फोन! स्वतःच्या मोबाईलवरून. म्हणाली, "सर, मी बोलले असं सांगू नका. सुरुवातीला काही शाळांना धडे भरलेले कॉम्प्युटरच दिले होते. इंटरनेट नसलेल्या शाळांना. त्यांना सर्व्हर लागत नाही. लातूर जिल्ह्यातल्या शाळांची नावं तुम्हाला पाठवते."

आज रविवार, तरी एकेका मुख्याध्यापकाचा नंबर काढून फोन केले. कुणी म्हणालं भंगारात गेला, कुणी म्हणालं उंदरांनी वायर खाल्ली. संध्याकाळी औशाजवळच्या एका शाळेचे बसलिंगप्पा सर म्हणाले, "हाय की. प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलाय. गुरुजी लोकांना भ्या वाटतंय त्याचं, कोण हातच लावत न्हाई. पण उद्या-परवा आमच्याकडं क्रीडास्पर्धा हायत. बुधवारी या."

बुधवार म्हणजे बावीस. उज्वलाला मंगळवारी नांदेडला भरती करायचंय.

तिला सांगितलं. "तू आणि पंचफुला मंगळवारी पुढं व्हा. मी बुधवारी औशाचं काम उरकून संध्याकाळपर्यंत पोचतोच."

"तुम्ही भरतीला नसणार?"

"एकच दिवस गं. तुझ्यासाठीच चाललंय ना हे."

"होय," ती म्हणाली. "माझ्यासाठीच."

२१ जानेवारी

दोघींना गाडीत बसवून दिलं. गाडी निघताना उज्वला खिडकीतून काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. मी हात केला.

२२ जानेवारी, औसा आणि मग नांदेड

मिळाला!

बसलिंगप्पा सरांनी स्वतः कव्हर काढलं. मशीन सुरू व्हायला एवढा वेळ लागला की मी मनातल्या मनात हात जोडले. मग विद्यापटाचं चित्र आलं, धड्यांची रांग आली. पहिला धडा दाबला.

"मुलांनो, आज आपण शब्दांच्या घरी जाणार आहोत."

बाकावर बसलो. बसलिंगप्पा सर म्हणाले, "बाईंचा आवाज काय खणखणीत हाय हो." आणि मग त्यांना लक्षात आलं, खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

धडे कॉपी होत नाहीत, प्लगइन होऊ देत नाही. पण स्पीकरच्या भोकात वायर घालून ती माझ्या लॅपटॉपला जोडली तर त्याला ते अडवता येत नाही. म्हणजे पूर्ण धडा वाजवायचा आणि तो वाजेल तसा उतरवून घ्यायचा. मध्येमध्ये माऊस हलवावा लागतो, नाहीतर धडा थांबून पुन्हा पहिल्यापासून. तीनला वीज जाणार असं सरांनी सांगून ठेवलं होतं. एक क्षणही उठलो नाही. सरांनी डबा दिला, तो तसाच राहिला.

चौथा धडा चालू असताना उज्वलाचा फोन आला.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी आत गेलेला. "कामात आहात का? मला जरा बोलायचं होतं."

"उज्वला, धडा चालू आहे. मध्येच थांबला तर पहिल्यापासून करावा लागतो. संध्याकाळी येतोच आहे, मग निवांत बोलू."

मागं तिचाच आवाज समानार्थी शब्द सांगत होता. तिलाही तो ऐकू गेला असणार.

"बरं," ती म्हणाली.

वीज तीनच्या जरा आधीच गेली. तोवर मला हवे तेवढे धडे मिळाले होते.

औशाहून लातूर आणि तिथून नांदेड. अहमदपूरला गाडी पंक्चर. दवाखान्यात पोचलो तेव्हा नर्स म्हणाली, पेशंटला झोपेची गोळी दिलीय, उठवू नका. उज्वला कुशीवर झोपली होती. मी लॅपटॉपची बॅग छातीशी धरून स्टुलावर बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की जिंकलो.

२३ जानेवारी

सकाळी लवकरच तिला आत नेलं. पुण्याहून सुकन्या आली होती, पंचफुला होती, नर्स कागदांवर सह्या घेत होती. स्ट्रेचर दारापाशी थांबलं तेव्हा मी वाकून म्हणालो, "मिळाला आवाज. सगळा मिळाला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "स्वेटर कुठंय तुमचा? थंडी आहे."

दार बंद झालं.

ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणतात. सगळी गाठ निघाली.

२६ जानेवारी

तिच्या गळ्यात खाली एक भोक आहे. श्वास तिथून चालतो. नाकात नळी आहे. खोकली तरी आवाज येत नाही, नुसती हवा. तिला काही हवं असलं की ती पलंगाच्या लोखंडी दांडीवर बांगडी वाजवते.

सुकन्या बाहेर व्हरांड्यात येऊन रडली. मला म्हणाली, "बाबा, आई रोज फोनवर मला लहानपणच्या गोष्टी सांगायची, माझ्या नाही, तिच्या. कधीच सांगितल्या नव्हत्या. तुम्हालापण सांगितल्या असतील ना?"

मी म्हणालो, हो, थोड्या.

९ फेब्रुवारी, लातूर

घरी आलो. पाटीवर लिहून बोलतो. म्हणजे ती लिहिते, मी बोलतो.

आज तिला पहिला धडा ऐकवला. तिनं डोळे मिटून सगळा ऐकला. मग पाटीवर लिहिलं, "चांगलं शिकवत होते मी."

"आता हाच आवाज तुला मिळणार," मी म्हणालो. मग मला आठवलं. "त्या दिवशी औशाला असताना फोन केला होतास. काय बोलायचं होतं?"

तिनं खडू हातात धरला. मग लिहिलं, "काही नाही."

पुसलं. पुन्हा लिहिलं, "बोलायचं होतं."

"मग आता लिही ना."

तिनं मान हलवली आणि पाटी उशाला ठेवली. दमली असेल म्हणून मी दिवा मालवला. अजून अशक्त आहे, तिला विश्रांती हवी.

२७ फेब्रुवारी

झालं. प्रोग्राम आवाज शिकला. मोबाईल उज्वलाच्या हातात दिला. पंचफुला समोर बसली होती. उज्वलानं टाइप केलं आणि मोबाईल बोलला:

"पंचफुलाताई, चहा ठेव."

अगदी तिचा आवाज. बारा वर्षांपूर्वीचा, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. पंचफुलानं तोंडावर पदर घेतला. मग म्हणाली, "आगं बाई, उजे, तू तर मला वर्गात उभं केल्यावानी बोलायलीस."

खरंय. सगळे धडेच असल्यामुळं मोबाईल कायम शिकवल्यासारखा बोलतो. "अहो" म्हणायला सांगितलं तर गोष्टीतल्या पात्राचं वाक्य वाचावं तसं म्हणतो. उज्वला कधी तसं म्हणत नाही. ती म्हणते तेव्हा त्यातला "हो" जरा लांबतो, आणि तो किती लांबला त्यावरनं मला कळतं काम आहे की तक्रार. हे धड्यांत कुठंच नाही. सगळे धडे शोधले. पुन्हा शोधतो. काहीतरी जोडून तयार करता येईल.

ती मोबाईल फारसा वापरत नाही. पाटीच घेते. सवय होईल.

१० मार्च

नांदेडला झडप बसवून आणली. अंगठ्यानं भोक दाबायचं आणि श्वास वर ढकलायचा, म्हणजे आवाज येतो. तिथल्या मॅडमनी शिकवलं. उज्वला रोज आरशासमोर बसते. नुसती फुसफुस येते. मी तिला सांगितलं, जमलं नाही तर जाऊ दे, मोबाईल आहेच. तिनं माझ्याकडं न बघता पुन्हा अंगठा ठेवला.

मी मागच्या खोलीत बसून "अहो" वर काम करतोय. रेकॉर्डिंगमध्ये वीज-वायरची घरघर आलीय, ती काढली तर स्वर जास्त खरा होईल. हेडफोन लावला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, त्यामुळं काम चांगलं होतं.

१९ मार्च

दुपारी खांद्यावर हात पडला. वळून पाहिलं तर पंचफुला. तिचं तोंड हलत होतं. हेडफोन काढला.

"दाजी, बहिरे झालात का? ती कवाधरनं हाका मारायलीय तुम्हाला!"

"कोण?"

पंचफुलानं नुसतं दाराकडं बोट केलं.

मग मला ऐकू आलं. स्वयंपाकघरातून. जाड, खरखरीत, खालच्या पट्टीतला, ओळखू न येणारा आवाज. मध्ये श्वास तुटलेला.

"अ... होऽ."

हो लांबलेला.

टेबलावर पडलेल्या हेडफोनमध्ये धडा चालूच होता. तो बंद करायचं राहिलं. दारापर्यंत गेलो. ओट्यापाशी ती उभी होती, अंगठा गळ्यावर, चेहरा लालबुंद, आणि पुन्हा श्वास घेत होती.

मी ओ दिली.